दिल्ली–शिकागो, मध्ये व्हिएन्ना
हातपाय थरथरत होते, कपाळावर घाम होता आणि समोरची मुलगी म्हणत होती, “मॅडम, टेक-ऑफ झाल्यावर सर्व्हिस सुरू होईल.” त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून शिकागोला निघाले होते. हिवाळ्यात तिकीट काढलं तेव्हा दिल्लीहून पुढचं विमान थेट होतं. सरळ अंतर साधारण 12,000 किलोमीटर, वेळ पंधरा-सोळा तास. उन्हाळ्यात शिकागोचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. हे सगळं धरून डॉक्टरांनी इन्सुलिनचं वेळापत्रक आखून दिलं. पुढे 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. वळसा पडतो, म्हणून इंधनासाठी व्हिएन्नाला उतरणार, असा निरोप निघायच्या आदल्या रात्री आला. एकूण किती तास लागतील, ते त्यात नव्हतं.

दिल्लीत चढतानाच केबिन क्रूमधल्या एका मुलीला मी मधुमेहाचं सांगितलं. तिने सीट नंबर लिहून घेतला. नंतर “आता खाणं आणतेच” असं तीच म्हणाली, म्हणून मी इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात विमान हादरायला लागलं, पट्टे बांधायची सूचना झाली, ट्रॉल्या आत गेल्या आणि आम्ही थेट व्हिएन्नाला उतरलो. प्रवाशांना खाली उतरू दिलं नाही. क्रू मात्र बदलला. ती मुलगी बॅग ओढत निघून गेली आणि तिच्याबरोबर माझा सीट नंबरही गेला. नव्या क्रूला कोणी काही सांगितलंच नव्हतं. साखरेच्या पुड्या वरच्या कप्प्यातल्या पिशवीत, आणि इंधन भरताना पट्टा सोडून बसायचं, पण जागेवरून उठायचं नाही, असा नियम. मी दोनदा मागितलं, दोनदा तेच उत्तर. शेवटी शेजारच्या पंजाबी आजींनी डब्यातली पिन्नी माझ्या हातावर ठेवली.

क्रू बदलू नये असं मी म्हणत नाही. दमलेल्या माणसांच्या हाती विमान नकोच. आकाश बंद झालं, त्यातही कंपनीचा दोष नाही. पण एका माणसाची माहिती दुसऱ्याला सांगायला कोणत्या देशाची परवानगी लागते? तक्रारीच्या उत्तरात मला फक्त हवाई हद्दीचं कारण मिळालं. हद्दीबद्दल मी विचारलंच नव्हतं.

येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो. तरी मला धास्तीच होती.

आई-वडिलांना एकटं पाठवणाऱ्या मुलांनो, नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. थांबा कुठे, किती वेळ, क्रू बदलणार का, हे विचारा. इन्सुलिन सामानात टाकू नका, विमानाच्या पोटातल्या थंडीने ते गोठून वाया जाऊ शकतं. साखर आणि खाणं वरच्या कप्प्यात नको, मांडीवरच्या पर्समध्ये हवं. आणि क्रू बदलला की आजाराचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला त्यांना बजावा.