गेम चालला, बाबांचं मराठी अडलं

तर झालं असं, की 2025 च्या दिवाळीत कुरुंदवाडला गेलो तेव्हा बॅगेत एक पेनड्राइव्ह होता. त्यावर लिनक्स मिंट. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट संपला होता आणि आमच्या घरचा डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा. विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणजे मशीन धडधाकट, पण कागदोपत्री रिटायर! आपण पडलो सॉफ्टवेअरवाले, घरच्यांनी न विचारता उपाय सांगायची खोड असतेच.

या मशीनवर हक्क दोघांचा. सकाळी बाबांचा, रात्री पुतण्याचा.

बाबांचं बाजारात डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावती पुस्तकं, संस्थांचे अहवाल. गाव कृष्णा-पंचगंगेच्या काठी, त्यामुळे पुराची सवय होती. 2005 ला त्यांनी कॉम्प्युटर माडीवर नेऊन वाचवला. ऑगस्ट 2019 ला मात्र माडीवर न्यायलाही वेळ मिळाला नाही. दुकान गेलं ते गेलंच. वाचली ती एक हार्ड डिस्क, जी बाबांनी बॅकअपसाठी म्हणून घरी आणली होती. नंतर भावानं हा सेकंडहँड डेस्कटॉप घेतला आणि ती डिस्क त्यात बसवली. पुतण्या डिप्लोमाला आहे. त्यानं साठवलेल्या पैशातून जुनं 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड आणून लावलं.

"काका, ह्यात गेम चालत्यात व्हय?" त्याचा पहिला प्रश्न.

"चालतंय की," मी म्हटलं खरं, पण मनात धाकधूक होती. माझ्या कॉलेजच्या काळात लिनक्सवर गेम म्हणजे वाइनशी रात्रभर झटापट करायची आणि पहाटे काळी स्क्रीन बघून झोपायचं.

या वेळी तसं काही झालं नाही. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, स्टीम टाकलं, सेटिंगमध्ये प्रोटॉन चालू केलं. काउंटर-स्ट्राइक 2 ची तर लिनक्स आवृत्तीच आहे. द विचर 3 ची लिनक्स आवृत्ती नाही, तोही सुरू झाला. पुतण्या खुर्चीतून उठून म्हणाला, "नादखुळा!"

ही जादू नाही. वाइन 1993 पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम जे काही मागतो, ते लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगणारा हा दुभाषा. व्हॉल्व्ह कंपनीनं त्यावर पैसा आणि माणसं लावली, डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं डीएक्सव्हीके जोडलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणलं. 2022 ला आलेलं त्यांचं स्टीम डेक लिनक्सवरच चालतं, तेव्हा यात त्यांचा स्वार्थ आहेच. असू दे. आपल्याला गेम चालल्याशी मतलब.

एक अडलंच. रात्री मित्रांबरोबर तो जो ऑनलाइन शूटिंगचा गेम खेळतो, त्याची चोरी पकडणारी यंत्रणा विंडोजच्या पार कर्नलमध्ये घुसून बसते. तिथं दुभाष्याचं काही चालत नाही. मग त्या एका गेमसाठी विंडोजचं छोटं पार्टिशन ठेवलं, आणि बँकेचं काहीही तिथं उघडायचं नाही असा दम दिला. (लिनक्सवाल्या मित्रांनो, मारू नका. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मित्र सोड म्हणून सांगता येत नाही.)

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवून 'पूर' नावाची फाइल उघडली आणि एकदम गप्प झाले. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टिंबं यांची नुसती खिचडी.

"माझं मराठी कुठं गेलं रे?"

2005 च्या पुराच्या त्यांच्या नोंदी होत्या त्या. कुणाच्या घरात किती पाणी, कुणाची म्हैस वाचली, नाव कुठवर आली होती. 37 पानं. 2019 चं त्यात लिहायचं म्हणून सहा वर्षं नुसतं म्हणत होते. क्षणभर त्यांना वाटलं, पोरानं गेमच्या नादात पुसून टाकलं सगळं.

पुसलं काहीच नव्हतं. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, फॉन्ट फक्त त्याच्या जागी 'क' चं चित्र दाखवायचा. फॉन्ट काढला की सोंग उतरलं! विंडोजच्या फोल्डरातून फॉन्टची फाइल उचलून इकडं टाकली आणि पानं जशीच्या तशी दिसायला लागली. बाबांनी चहा उचलला.

पण वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. त्या फॉन्टमध्ये टाइप करून देणारं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल, दोन्ही विंडोजचेच. वाइनमध्ये तासभर डोकं आपटलं, जमलं नाही. कोट्यवधी रुपयांच्या गेमसाठी दुभाषा आहे, कुरुंदवाडच्या पावती पुस्तकासाठी कोण ठेवणार? याचा मला त्या दिवशी जरा रागच आला.

बाबा टाइपरायटरवर शिकलेले, मराठी 30 ची परीक्षा दिलेले. इन्स्क्रिप्ट शिका म्हणणं म्हणजे आता डाव्या हातानं जेवा म्हणण्यासारखं. आयबसमध्ये एम17एनची यादी चाळताना मात्र 'मराठी रेमिंग्टन' दिसलं. कुणीतरी स्वतःहून बसून लिहून ठेवलेलं. लावलं. बाबांनी दहा बोटं ठेवली आणि की-बोर्डकडे न बघता पहिली ओळ मारली. दोन-चार कळा इकडच्या तिकडं निघाल्या, त्यावर पुटपुटले, पण हात थांबला नाही.

राहिली जुनी 37 पानं. ती युनिकोडमध्ये आणायला पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. सोपं वाटलं होतं. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं, आणि तो नेमका किती अक्षरं मागं न्यायचा ते जोडाक्षरावर अवलंबून. पहिल्या फेरीत 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' झाला आणि 'मार्च'चा 'माचर्'. सरकारी वेबसाइटींवर असले शब्द बघून मी हसायचो. आता हसत नाही.

बाबांनी प्रिंट काढून लाल पेन घेतलं. "तुझा हा कॉम्प्युटर चौथी नापास दिसतोय," म्हणाले.

दिवाळी संपली, मी पुण्याला आलो. आता दर शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर लाल खुणांच्या कागदांचे फोटो येतात आणि माझा रविवार स्क्रिप्टमध्ये जातो. गेल्या वेळी पान 22 वर 'सर्वांनी'चं 'सवार्ंनी' झालं होतं. त्याच कागदाखाली बाबांनी पेनानं लिहिलं होतं, 2019 ची चार पानं टाइप झाली, आता चुलतभावाच्या म्हशीपर्यंत आलोय.