हाक मारून ये

आई बडोद्याला राहते, डांडिया बाजारातल्या जुन्या घरात, मी बंगळुरूला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तिच्या टॅबलेटवर एक पान उघडलं, हुबेहूब बँकेसारखं. खातं बंद होईल म्हणाले, तिने माहिती भरली, आलेला ओटीपी भरला आणि १८,००० रुपये गेले. पैशांपेक्षा तिला लागलं ते माझं बोलणं. "तुला एवढंही कळलं नाही?" असं मी फोनवर म्हणून गेले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला.

मग ओशाळून, मला जे करता येतं ते मी केलं. घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं, डॉकर घातलं आणि आईसाठी त्यात एक फायरफॉक्स मांडला. हा ब्राउझर चालतो माझ्या पुस्तकांच्या कपाटावर. बडोद्याला पोचतं ते फक्त त्याचं चित्र. आई बोट टेकवते, ते इथे कळतं, पान इथे उघडतं आणि उघडलेलं तिला तिथे दिसतं. मधली वाट वायरगार्डची, खाजगी. बाहेरच्या कुणाला हे दार सापडू नये म्हणून.

कंटेनर म्हणजे काय, हे तिला चाळीच्या उदाहरणाने सांगितलं. खोली स्वतंत्र, दाराला कडी, पण नळ सगळ्यांचा एक. कंटेनरच्या फायली वेगळ्या, पण खालचा कर्नल सामायिक. खोली बिघडली तर पाडून दोन मिनिटांत तशीच नवी उभी करायची. जपायचं सामान तेवढं खोलीबाहेरच्या फडताळात ठेवायचं.

हे मलाही अनुभवानेच नीट कळलं. पहिल्याच दिवशी आईचा फोन आला, "अगं, मराठी पेपर उघडला तर नुसते रिकामे चौकोन दिसतायत." त्या कंटेनरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. अशा चौकोनांना टोफू म्हणतात, आणि नोटो या फॉन्टचं नावही 'टोफू नको' यावरूनच पडलंय. मी नोटो घातला, अक्षरं आली. महिन्याने कंटेनर नवा केला, तर चौकोन परत. फॉन्ट मी खोलीत ठेवला होता, फडताळात नाही. पुढे पानं मध्येच कोसळू लागली, कारण डॉकर सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच देतो. ती १ जीबी केल्यावर थांबली.

एक गोष्ट मात्र मी आईला सांगितली नव्हती. कंटेनर यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. खोट्या पानावर कुणी स्वतःच्या हाताने ओटीपी भरला, तर तो बंगळुरूच्या कपाटातून भरलाय की बडोद्याच्या टॅबलेटवरून, याने काही फरक पडत नाही. हे ठाऊक असल्यामुळे मी लक्ष ठेवू लागले. तोच पत्ता मी माझ्या टेबलावर उघडला की आईचा पडदा मला जसाच्या तसा दिसे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग रोज दुपारी.

एका दुपारी बाण आपोआप हलत होता. शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर उमटत होतं: 'ज्येष्ठांसाठी निवास बडोदा खर्च'. मी वर्षभर तिच्या मागे लागले होते, बंगळुरूला ये म्हणून. ती "बघू" म्हणायची. तिने एक पान उघडलं, सावकाश खाली सरकवलं, खोल्यांचे फोटो पाहिले. मी उठायला हवं होतं. उठले नाही. तिने ते पान मिटेपर्यंत पाहत बसले.

रात्री फोन केला. कुठून सुरुवात करावी ते कळेना. तीच म्हणाली, "आज दुपारी माझा पडदा पुन्हा लांबरुंद झाला होता. तूच असतेस ना?"

माझ्या मॉनिटरचा आकार मोठा. मी जोडली गेले की चित्र माझ्या मापाचं होतं आणि तिच्या टॅबलेटवर अक्षरं बारीक होतात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिला मात्र दोन महिन्यांपासून ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, काळजीने येतेस. पण ते पैसे नेणारेही न सांगताच आले होते ना गं."

यावर मला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या ब्राउझरला पासवर्ड घातला, तो तिलाच निवडायला लावला. आणि खरं तेही सांगितलं: फायली माझ्याच डिस्कवर आहेत, हा पासवर्ड मला अडवू शकत नाही. मालकीण मीच आहे.

"आपल्या घरात टपाल कुणाच्या कपाटात असायचं?" तिने विचारलं.

"बाबांच्या."

"कुलूप होतं?"

नव्हतं. माझी पत्रंही त्यातच असत, आणि ती कधी उघडलेली मिळाली नाहीत.

निवासाबद्दल ती एवढंच म्हणाली, "विचार करतेय. ठरलं की तुला सांगेन, आधी तुलाच." बंगळुरूचा विषय मी अजून काढलेला नाही. कधी एखादं पान तिला संशयास्पद वाटलं की ती फोन करते, "ये गं जरा." मग मी तो पत्ता उघडते. तिच्याकडची अक्षरं बारीक होतात, ती चष्मा लावते आणि आम्ही दोघी मिळून ते पान वाचतो.