दोच बातां

दहावीच्या ‘गणित भाग १’मधले पाचवे प्रकरण संभाव्यतेचे आहे. वर्गात आम्ही तिला ‘एहतमाल’ म्हणतो. प्रकरण लहान, सूत्र त्याहून लहान. पण त्यातली उदाहरणे आमच्या मोहल्ल्यात अडखळतात. नाणी चालतात. फासे आणि बावन्न पत्ते मात्र घरी आवडत नाहीत. “इस्कूल में जुआ सिखाते क्या?” असे एका आजोबांनी आम्हांला मोमिनपुऱ्यात रस्त्यावर थांबवून विचारले होते. त्यांची काळजी खरी होती. परीक्षेत पत्त्यांचे गणित येऊ शकते, म्हणून ते आम्ही गाळत नाही. पण सुरुवात चिठ्ठ्यांपासून करतो. चिठ्ठी, म्हणजे कुर्आ, आमच्या घरांना परकी नाही. हजरत मरियमचे पालकत्व कोणाकडे जावे यासाठी कलमे टाकली गेली, असा उल्लेख कुरआनात आहे. जुगारात एकाचे गेलेले दुसऱ्याच्या खिशात जाते. कुर्आमध्ये ज्यांचा हक्क सारखा, त्यांच्यातून एकाला निवडायचे असते.

‘सारखा’ हाच या धड्याचा पाया आहे. डब्यात वर्गातल्या चाळीस मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि विचारले, “तुझी चिठ्ठी निघण्याची संभाव्यता किती?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, निकलेगी नहीं तो नहीं निकलेगी. दोच बातां! आधा-आधा.”

वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण शिकलेली माणसेही असेच बोलतात. आम्ही म्हटले, “प्रत्येकीचा वाटा अर्धा धरला, तर चाळीस अर्धे किती?” “बीस.” “आणि चिठ्ठी किती निघणार?” “एक.” मग तिने स्वतःच फळ्यावर १/४० लिहिले. बाता दोन असल्या तरी त्यांचे वजन सारखे नसते. न निघण्याच्या बाजूला ३९ चिठ्ठ्या बसलेल्या असतात.

दोन नाण्यांतही हीच गंमत. निदान एक छापा येण्याची संभाव्यता? मुली मोजतात: दोन छापे, एक छापा, एकही नाही, म्हणून २/३. फ्रान्सचा मोठा गणिती दालांबेर यानेही १७५४ मध्ये वेगळ्या वाटेने हेच उत्तर छापले होते, हे सांगितले की मुलींना धीर येतो. पण ‘एक छापा’ दोन रीतींनी येतो, पहिल्या नाण्यावर किंवा दुसऱ्यावर. समसंभाव्य निष्पत्ती तीन नव्हे, चार आहेत. उत्तर ३/४.

पण हा सारखेपणा डब्यात आपोआप येत नाही. तो माणसांना घालावा लागतो. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची भरती करताना १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ डब्यांत बंद केल्या. त्या महिन्यामहिन्याने आणून मिसळल्या, पण नीट ढवळल्या गेल्या नाहीत. डिसेंबरच्या तारखा आधीच्या क्रमांकांवर फार निघाल्या, आणि ज्याचा क्रमांक आधी तो सैन्यात आधी. सूत्र बरोबर होते; हात कमी पडले. पुढच्या सोडतीत पद्धत बदलावी लागली.

आमच्या घरांतला सर्वांत मोठा कुर्आ हजचा. “तीन साल नंबर नहीं लगा, अब तो लगेगाच,” असे वडीलधारे म्हणतात. त्यांना उलट बोलणे जिवावर येते; तरी मुलींना सांगावेच लागते की सोडतीला मागची आठवण नसते. आठवण ठेवायची तर ती नियमाने ठेवावी लागते. २०१८ पूर्वी काही वर्षे तशी तरतूद होती. सलग तीनदा नंबर न लागलेल्यांना चौथ्या अर्जाला राखीव गटात घेत. २०१८ पासूनच्या हज धोरणात ती राहिली नाही. त्या धोरणात चौथा अर्जही पहिल्यासारखाच झाला, आणि वाटा त्या वर्षीच्या जागा व अर्ज यांवर ठरू लागला.

हे सगळे गुणांपुरते असते तर आम्ही इतका घसा कोरडा केला नसता. आमच्या वस्तीत दोन वाक्ये फार ऐकू येतात: “नसीब में नहीं था” आणि “अपना नंबर लगताच नहीं.” शाळाप्रवेश असो, घराची सोडत असो. दोन्ही वाक्यांवर विचार संपतो. पहिल्यात माणूस गप्प बसतो, दुसऱ्यात पुढचा अर्जच भरत नाही. हिशेब करणारी मुलगी मात्र विचारते: जागा किती होत्या? अर्ज किती आले? सगळ्या चिठ्ठ्या डब्यात होत्या का? ढवळल्या कोणी, आणि कोणासमोर? चारांत एक जागा असताना नंबर लागला नाही, तर तो अन्याय नव्हे. आपली चिठ्ठी डब्यातच नव्हती, तर ते नशीब नव्हे.

या दोन बातांतला फरक ओळखणारी मुलगी उद्या आपल्या अब्बांचा अर्ज स्वतः भरेल, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही.