सॅच्युरेशन कधी पडतं?

नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलींना प्रबंधासाठी मार्गदर्शन करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. विषय साधारण ठरलेले असायचे. मधुमेहाच्या रुग्णांना पायाची काळजी कशी घ्यायची ते शिकवायचं. शिकवण्याआधी एक प्रश्नावली भरून घ्यायची, आठवड्याने पुन्हा तीच, आणि गुण वाढले की निष्कर्ष तयार. काळ्या बाइंडिंगमधल्या प्रती विद्यापीठात जमा व्हायच्या, एक आमच्या लायब्ररीच्या कपाटात जायची. त्या कपाटातला प्रबंध वाचून एखाद्या वॉर्डातली पद्धत बदलली, असं मी कधी पाहिलं नव्हतं. खंत होती, पण परीक्षा, इन्स्पेक्शन आणि अ‍ॅडमिशनच्या रगाड्यात ती मागे पडायची.

९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका दांपत्याचे कोविडचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. राज्यातले ते पहिले रुग्ण. महापालिकेच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात त्यांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी १० मार्च, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगात याच शहरात रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि त्यातच त्या गेल्या. हे आम्ही दर वर्षी मुलींना सांगतो. त्या वर्षी सांगताना माझाच आवाज बसला. पुढे गुढीपाडव्याला, २५ मार्चला, ते दांपत्य बरं होऊन घरी गेलं, तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपवर दिवसभर तीच बातमी फिरत होती. देशभरची टाळेबंदीही त्याच दिवसापासून सुरू झाली.

मुलींच्या वॉर्ड पोस्टिंग बंद झाल्या, आणि आयसीयूचा अनुभव असलेल्या आम्हा शिक्षिकांना ड्यूटीवर बोलावलं. पीपीई किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. गाउनवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं, कारण रुग्णाला आमचे डोळेसुद्धा नीट दिसत नसत. दोन-दोन हातमोज्यांतून शीर चाचपायची. स्टेथोस्कोप कानाला लावता येत नव्हता, म्हणून बघण्यावर भिस्त होती. मानेचे स्नायू ओढले जातायत का, रुग्ण एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकतोय का, ताट समोर आलं की तोंड फिरवतोय का. पुस्तकात या गोष्टी मी शिकवल्या होत्या. त्यांच्यावर इतकं अवलंबून राहायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.

पहिल्या लाटेतली एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्यासाठीच हे लिहिते आहे.

आमच्या वॉर्डात रात्रपाळीला एक स्टाफ सिस्टर होती. जीएनएमची पदविका घेतलेली, मूळची साताऱ्याकडची, फारशी न बोलणारी. हँडओव्हरच्या वेळी तिने एकदा विचारलं, “मॅडम, पेशंट पडून असताना सॅच्युरेशन ९४ असतं, मग हे लोक बाथरूमच्या दारात का कोसळतात?” प्रश्न सरळ होता. या आजारात सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बरंच खाली गेलं तरी कित्येकांना धाप जाणवत नव्हती. माणूस गप्पा मारत बसलेला असायचा. लघवी लागली की कुणाला त्रास नको म्हणून मास्क काढून उशीवर ठेवायचा आणि आपला आपण चालत निघायचा. चार पावलं चालणं, कमोडवर बसून जोर करणं, पुन्हा चार पावलं. परत येईपर्यंत ओठ निळे पडलेले असत.

तिने ऑक्सिजनच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. वेळ, पेशंट काय करत होता, आधी किती, नंतर किती, पूर्ववत व्हायला किती मिनिटं. बाकीच्या सिस्टरांनाही तिने ते भरायला लावलं. थोड्याच दिवसांत त्या पानावर चित्र स्पष्ट झालं. संडास सगळ्यात वाईट. त्याखालोखाल जेवण, कारण जेवताना मास्क बाजूला जातो आणि घास गिळताना माणूस श्वास रोखून धरतो. मग घरच्यांशी मोबाइलवर लांबलेलं बोलणं, विशेषतः रडणं झालं तर. चादर बदलताना कुशीवर वळवलं तरीही आकडा उतरायचा.

त्या पानावरून वॉर्डाची रीत बदलली. जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या कुणीही बेड सोडून बाथरूमला जायचं नाही. कमोडची खुर्ची बेडशेजारी आणायची, पडदा ओढायचा, मास्क चालू ठेवायचा. जेवणाच्या वेळी मास्क काढण्याआधी नाकात नळी लावायची, मऊ भात किंवा खिमट थोडं थोडं द्यायचं, मध्ये थांबायचं, मास्क परत लावायचा. फोन करायचा तो आम्ही लावून द्यायचा, पाच मिनिटांत आटोपता घ्यायचा. बद्धकोष्ठाचं औषध डॉक्टरांना आठवण करून लिहून घ्यायचं, म्हणजे जोर करावा लागणार नाही. वाचताना या बारीकसारीक गोष्टी वाटतील. पण बाथरूमच्या दारात कोसळणं आमच्या वॉर्डात जवळजवळ थांबलं.

सोपं काहीच नव्हतं. कसबा पेठेतल्या एक आजी बेडपॅनला काही केल्या तयार होईनात. “पोरी, आजवर अशी वेळ आली नाही माझ्यावर,” म्हणून हात जोडायच्या. त्यांच्या लाजेपुढे आमचा नियम थिटा पडला. शेवटी त्या सिस्टरने दोन बाजूंना पडदे लावले, बेडचं डोकं उंच केलं, नळ सोडून पाण्याचा आवाज केला आणि पाठ करून उभी राहिली. आजींचं काम झालं, सॅच्युरेशनही टिकलं. हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं?

मी वर्गात जे फळ्यावर लिहायची, ते सगळं त्या मागच्या पानात होतं. निरीक्षण, प्रश्न, मोजमाप, बदल, बदलानंतर पुन्हा मोजमाप. फक्त त्याला शीर्षक नव्हतं, एथिक्स कमिटीचा क्रमांक नव्हता, आणि करणारीच्या नावापुढे एम.एस्सी. नव्हतं.

पालथं झोपवण्याचंही असंच. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णाला रोज बराच काळ पालथं ठेवलं तर मृत्यू कमी होतात, हे फ्रान्समधल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासातून कळलेलं होतं. पण शुद्धीवर असलेल्या, मास्कवर असलेल्या माणसाला पालथं झोपवावं का, याला २०२० मध्ये भक्कम पुरावा नव्हता. सहा देशांतल्या हजारावर रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये आला आणि त्यात फायदा दिसला. तोवर आमच्या सिस्टर वर्षभर ते करत होत्या. छातीखाली एक उशी, ओटीपोटाखाली एक, नडग्यांखाली एक. पोट मोकळं राहिलं पाहिजे. दर दोन तासांनी मान दुसरीकडे. गाल, कपाळ, हनुवटी दाबली जाते, तिथे आधीच ड्रेसिंगची पट्टी लावायची. सुटलेल्या पोटाचे काका दहा मिनिटांत उताणे व्हायचे, त्यांना कुशीवर ठेवून पाठीला लोड द्यायचा. किती वेळ कुणाला जमतं, कशाने जमतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

या काळात औपचारिक संशोधन बंद पडलं होतं असं नाही. पुणे तर त्याचं केंद्रच होतं. पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचं भारतातलं काम भोसरीहून चालायचं. कोविशील्डच्या भारतातल्या चाचणीचे पहिले डोस २६ ऑगस्ट २०२० रोजी भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात दिले गेले. अशा चाचण्यांमध्ये संशोधक डॉक्टरांची नावं पेपरात येतात. स्वयंसेवकाला मराठीत समजावून संमती घेणं, लस दिल्यावर थांबवून लक्ष ठेवणं, घरी फोन करून ताप आला का, दंड दुखतो का विचारणं, हे मोठ्या प्रमाणात परिचारिका करतात. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका अभ्यासात होती. ती म्हणाली, “मॅडम, लोक सही करायला घाबरत नाहीत, ‘नाही म्हटलं तर चालेल का’ हे विचारायला घाबरतात. मी ते आधीच सांगून टाकते.” संमतीवरचं माझं संपूर्ण व्याख्यान त्या एका वाक्यात आलं.

कॉलेजातल्या प्रबंधांची वाट मात्र बिकट झाली. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने साथीच्या काळातल्या संशोधनासाठी एथिक्स कमिट्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. ऑनलाइन बैठका, इलेक्ट्रॉनिक संमती यांना वाट मिळाली. आमच्या मुली गूगल फॉर्मकडे वळल्या. परिचारिकांची चिंता, परिचारिकांचं ज्ञान, परिचारिकांची झोप. एकाच सिस्टरच्या मोबाइलवर आठवड्याला चार-पाच फॉर्म येऊ लागले. मी स्वतः त्यावर सह्या केल्या, कारण मुलींचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नव्हतं. पण सहा तास किटमध्ये काढून आलेली बाई रात्री फॉर्म भरत नाही, आणि जी भरते तिच्यावरून सगळ्यांचं अनुमान काढता येत नाही, हे आम्ही जाणून होतो.

दुसरी लाट पहिल्यापेक्षा कठीण गेली. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक चिठ्ठी घेऊन रात्र-रात्र फिरत होते. मृत्यू टाळण्यात या औषधाचा फारसा उपयोग दिसत नाही, हे ‘सॉलिडॅरिटी’च्या निष्कर्षांत ऑक्टोबर २०२० मध्येच आलं होतं. ज्या चाचणीचं भारतातलं काम आमच्या शेजारच्या भोसरीतून चाललं, तिचा निष्कर्ष सहा महिन्यांनीही कर्वे रस्त्यावरच्या मेडिकलबाहेर उभ्या असलेल्या मुलापर्यंत पोचला नव्हता. वॉर्डाच्या दाराशी ते समजावण्याचं काम सिस्टरांकडे आलं. कुणी ऐकायचं, कुणी अंगावर यायचं. आई आत असताना कोण शांत राहील?

त्याच महिन्यात ऑक्सिजनचा तुटवडा झाला. नंदुरबार जिल्ह्यात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्याची बातमी तेव्हाची. ठरावीक रुग्णांमागे एक परिचारिका, तिचं काम एवढंच, की कुणाला किती लागतो ते सतत बघायचं, सुधारला की प्रवाह कमी करायचा, जेवताना मास्क बाजूला ठेवला असेल तर फ्लोमीटर बंद करायचा. पुढे राज्यात इतरत्रही ही पद्धत उचलली गेली. मला त्या बातमीचा मनापासून आनंद झाला. परिचारिकेचं बघणं हे शासनाने कौशल्य म्हणून मान्य केलं होतं, त्याला नाव दिलं होतं.

आमच्या वॉर्डातल्या त्या पानाचं काय झालं? कोविड वॉर्डातला कागद बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले जायचे. वॉर्ड बंद झाला, रजिस्टर कुठे गेलं ते कळलं नाही. ग्रुपही कुणीतरी बंद केला. ती सिस्टर नंतर परदेशी गेली. माझ्या जुन्या मोबाइलमध्ये त्या पानाचे काही फोटो आहेत, तेवढेच.

आता मी एम.एस्सी.च्या मुलींना विषय निवडण्याआधी महिनाभर वॉर्डात पाठवते. स्टाफ सिस्टर कोणती गोष्ट पुस्तकापेक्षा वेगळी करतात आणि का, एवढंच लिहून आणा म्हणते. प्रबंध त्यातून निघतो. परीक्षकांना नेहमीची प्रश्नावली दिसली नाही की ते कुरकुरतात, पण दोन-तीन वर्षांत त्यांनाही सवय होते आहे.

पुण्यातल्या, पिंपरी-चिंचवडमधल्या, जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांतल्या सिस्टरांना आणि ब्रदरांना माझी विनंती आहे. तुमच्या मोबाइलमध्ये त्या दोन वर्षांतली अशी पानं, तक्ते, व्हॉइस मेसेज अजून असतील. रुग्णाचं नाव आणि ओळख झाका, आणि काय दिसलं, काय बदललं, त्याने काय झालं, हे साध्या मराठीत लिहून काढा. इंग्रजीत कसं करायचं ते आम्ही कॉलेजातल्या बाया बघू. तुमच्या मेट्रनला द्या, जवळच्या नर्सिंग कॉलेजला द्या, आणि वर तुमचं नाव घाला.