पाकिटावरचा पाऊस

मृग जवळ आला की यवतमाळच्या कृषी केंद्रांत कपाशीच्या पाकिटांची रास लागते. बोंडांनी लगडलेले झाड, हसरा शेतकरी. प्रत्येक पाकिटावर पाऊस वेळेवर पडलेला असतो.

*

पेटी आणि कॅसिओपो हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सांगतात की माणसाला गोष्ट दोन वाटांनी पटते. एक म्हणजे मुद्दे तपासून, दुसरी चेहरा, रंग, गर्दी अशा वरवरच्या खुणांवरून. सवड आणि माहिती नसली की दुसरी. पेरणी तोंडावर आणि माल उधारीचा. दुकानात उभ्या माणसाला पहिली वाट परवडते कुठे?

*

बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे अनेक वर्षे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती कडेने लावायची, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावत नाही. मुद्दा पक्का, पण त्यात ना आशा ना धास्ती. बहुतेकांनी पुडी लावलीच नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. कारणे आणखीही होती, पुडी न लावणे हे एक.

*

भांबराजा आणि अंतरगाव, दोन्ही यवतमाळ जिल्ह्यातली गावे. बीटीमुळे इथे भरभराट झाली, आत्महत्या नाहीत, असा मजकूर २००८ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बातमी म्हणून आला. २०११ मध्ये तोच जाहिरात म्हणून पुन्हा छापला गेला. पुढल्या वर्षी संसदीय समिती भांबराजात आली, तेव्हा गावकऱ्यांनी आत्महत्या मोजून सांगितल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे ‘द हिंदू’त मांडले. खुणेला अडाणीच भुलतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, इथली खूण वर्तमानपत्राचा स्तंभ होती आणि वाचक इंग्रजी शिकलेले.

*

कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावरून विषाची तीव्रता कळते. हिरवा सर्वांत सौम्य, तरी विषच. २०१७ च्या फवारणीत जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. मजुराच्या हाती बहुधा भरलेला पंप येतो, डबा नाही.

*

तणनाशक सोसणाऱ्या ‘चोर बीटी’ कपाशीला मंजुरी नाही, तरी ती खपते. धुऱ्यापलीकडचे तणमुक्त वावर हीच तिची जाहिरात. शेजाऱ्याकडे विहीर आहे, आपले कोरडवाहू, हे मात्र त्या घाईत राहून जाते.

*

दुकानात विचारायचे प्रश्न: वाण किती दिवसांचे? हलक्या जमिनीत चालते का? बोंडांच्या चित्राइतक्या ठळक अक्षरांतही ही उत्तरे पाकिटावर मावतात.