पदवी आणि परवाना

आनंदीबाई जोशींची कथा आपण वर्गात ११ मार्च १८८६ च्या पदवीपाशी आणून थांबवतो. फिलाडेल्फियातील ती पदवी घेऊन त्या परतल्या खऱ्या. परंतु कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात वारल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र. शिक्षण परभाषेत, चिंता मात्र घरच्या बायकांची!

रामदासपेठेतल्या माझ्या शेजारच्या मुलीची वाट याच्या नेमकी उलट आहे. नागपूरच्या मेडिकलमधून ती एम.बी.बी.एस. झाली, आता अमेरिकेतील परवान्याच्या परीक्षा देते आहे. त्या उत्तीर्ण झाल्यावरही तिथल्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काही वर्षे काढावी लागतीलच. तिथल्या कागदोपत्री ती ‘परदेशी वैद्यकीय पदवीधर’. उंबरठा ओलांडण्याआधीच परदेशी! (चीन-रशियात शिकून आलेल्या आपल्या मुलांनाही २००२ पासून इथे तशीच चाळणी परीक्षा आहे, हे विसरून चालणार नाही.)

तिला खरी धास्ती इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेची. वॉर्डात ‘कुठं दुखून राह्यलं, माय?’ म्हणताच म्हातारी सगळे सांगून टाकी. त्या ‘माय’ला इंग्रजीत काय म्हणावे, हे तिने मला विचारले. मला अजून शब्द सापडलेला नाही.