कौल लावण्यापूर्वी

आमच्या भाचीला एका विशिष्ट जातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांचे व्यसन आहे. ती नोकरी करते सुरतेत आणि राहते आमच्याकडे, चलथाणला. उधना-जळगाव लोहमार्गावरचे हे आमचे गाव पलसाणा तालुक्यात येते. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या मळीचा वास गावभर पसरतो, आणि उसाच्या गाड्यांमागे अडकलेल्या माणसाला वाचनासाठी पुष्कळ फुरसत मिळते. त्या फुरसतीत ती या कादंबऱ्या वाचते. एकदा कुतूहलाने आम्हीही एक हाती घेतली आणि, कबूल करायला हरकत नाही, रात्री दोन वाजेपर्यंत खाली ठेवली नाही.

कथानक बहुधा ठरलेले असते. एक उमराव असतो. श्रीमंत, हट्टी, नकार ऐकण्याची सवय नसलेला. एक तरुणी असते. बुद्धिमान, तिखट जिभेची, लग्न करायचेच नाही असे मनाशी ठरवून बसलेली. तो तिच्या मागे लागतो, ती त्याला टाळते. तीनशे पाने हा खेळ चालतो आणि शेवटी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, घंटा वाजतात. काळ असतो १८११ ते १८२० चा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज बुद्धिभ्रंशामुळे कारभारास असमर्थ ठरला होता आणि युवराज त्याच्या वतीने राज्य पाहत होता. त्या प्रतिनिधी-राजवटीवरूनच या कादंबऱ्यांना रीजन्सी हे नाव पडले. १९३५ साली जॉर्जेट हेयर या लेखिकेने ‘रीजन्सी बक’ लिहिली आणि पुढे या जातीच्या कथांची रीघच लागली.

आम्हांला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. नेमक्या त्याच वर्षांत आमच्या गुजरातेतही एक प्रतिनिधी-राजवट चालू होती. बडोद्याच्या गादीवर आनंदराव गायकवाड होते, परंतु ते मनाने दुर्बळ. म्हणून १८०६ पासून १८१८ पर्यंत त्यांचे बंधू फत्तेसिंगराव कारभार पाहत होते. भाचीला हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, “म्हणजे मामा, आपल्याकडेही उमराव असतील आणि लग्न नको म्हणणाऱ्या मुलीही असतील. त्यांच्या कादंबऱ्या कुठे आहेत?”

आम्ही त्या वेळी हसून विषय टाळला. आता टाळता येत नाही, कारण तो प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला.

भाचीला वडील नाहीत. तिच्या आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, आम्ही एकदा शब्द दिला होता की मुलीचे आम्ही नीट मार्गी लावू. मुलगी तिशीकडे झुकली. अशात एक स्थळ आले. घराणे जुने, पूर्वीचे इनामदार. मुलगा शिकलेला, सुस्वभावी, उत्तम व्यवसायात. भाचीने नकार दिला. सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा विचारणा केली. तिने पुन्हा नकार दिला. तिसऱ्या वेळी मुलगा स्वतः वडीलधाऱ्यांना घेऊन चलथाणला आला. भाची तेव्हा कामावर होती. मुलगा नम्रपणे म्हणाला, “मी थांबायला तयार आहे. पण करीन तर हिच्याशीच.”

वाचकहो, आम्ही विरघळलो. अशी चिकाटी आजकाल कुठे दिसते? आम्ही त्या लोकांना सांगून टाकले, “आमच्याकडून होकार समजा. तिची समजूत आम्ही घालतो.” आमच्या दृष्टीने ती कादंबरी शेवटच्या प्रकरणापर्यंत येऊन पोहोचली होती.

यात आमच्या संस्काराचाही भाग होता. आमच्या वडिलांच्या पिढीला ‘मानापमान’ तोंडपाठ. खाडिलकरांचे हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर होते, ही हकीकत घरात इतक्या वेळा सांगितली गेली की तो प्रयोग आपणच पाहिला असे आम्हांला वाटू लागले. भामिनी गरीब सेनापतीला झिडकारते आणि नाटक संपताना त्यालाच वरते. अशा नाटकांवर वाढलेल्या माणसाला स्त्रीचा नकार हा नकार वाटतच नाही. शेवटच्या अंकापर्यंत लांबलेला तो होकारच वाटतो. धैर्यधर भामिनीच्या दारात तिसऱ्यांदा गेला नव्हता, तिची समजूत घालण्याचे काम त्याने कुणा मामावर सोपवले नव्हते, हे मात्र आमच्या ध्यानात राहिले नव्हते.

आमच्या घराची रीत अशी की लग्न ठरवण्यापूर्वी गोव्यातल्या कुलदेवतेचा कौल घ्यायचा. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि उजवी पाकळी पडली की देवीची संमती. डावी पडली तर कितीही मोठे स्थळ असो, आमच्या आजोबांनी ते मुकाट्याने सोडले आहे. हे काम आमच्या वडील मावशी करतात. त्या देवळाजवळच राहतात. आम्ही फोन करून त्यांना सर्व हकीकत सांगितली आणि सोमवारी कौल लावण्याची विनंती केली. मावशींनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “चेडवाक विचारलां?”

मुलीला विचारले आहे का? आम्ही म्हटले, तिची समजूत घालू. मावशी म्हणाल्या, मग आधी ते कर, देवीला मागाहून विचारू. आणि फोन ठेवला.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आणि कसे कोण जाणे, सुरतेतल्या एका बाईंची आठवण झाली. त्या म्हणजे डॉक्टर रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लावून देण्यात आले. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकल्या, वाढल्या. पुढे दादाजींनी त्यांना नांदायला बोलावले तेव्हा त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात वैवाहिक हक्काचा दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. असा दावा मुळात इंग्रजी धर्मन्यायालयांतून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी कळवले की आपण तुरुंग पत्करू. विलक्षण गोष्ट ही की इंग्लंडने आपल्याकडे या गुन्ह्याची कैदेची शिक्षा १८८४ सालीच रद्द केली होती. म्हणजे ज्या साली इथे हा दावा दाखल झाला त्याच साली.

शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हट्ट सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ पर्यंत वैद्यक शिकल्या, आणि १८९५ पासून सुमारे २२ वर्षे सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात त्यांनी काम केले. ज्या बाईने संसाराला नकार दिला म्हणून अर्धा महाराष्ट्र तिच्यावर तुटून पडला होता, तिच्याच हातून या शहरातल्या स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप झाली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेची वस्त्रे धारण केली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच साली सयाजीरावांनी बडोदे राज्यात बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला. रखमाबाई १९५५ साली, नव्वदी गाठून, मुंबईत निवर्तल्या.

दादाजीही चिकाटीचेच होते. चार वर्षे कोर्टकचेऱ्या करणे हे लहानसहान काम नव्हे. त्यांच्या निश्चयात आणि आम्ही ज्यावर विरघळलो त्या निश्चयात फरक कोणता? आमच्या पाहुण्याने कोर्टाची पायरी चढली नव्हती, हे खरे. तो सभ्य आहे. परंतु ज्या घरात मुलगी राहते त्या घराच्या वडीलधाऱ्याला त्याने आपल्या बाजूला वळवले, आणि आम्ही त्याच्यासाठी फॅरनसाहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसलो. मुलीची अनुपस्थिती दोन्हीकडे सारखीच होती.

मग भाचीच्या कादंबऱ्यांचे मूळ जिथे आहे त्या जेन ऑस्टिनबाईंकडे आम्ही वळलो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नायिकेला दोन मागण्या येतात. पहिला एक पाद्री. तो तिचा नकार ऐकतो आणि समजतो की कुलीन स्त्रियांची ही लाजण्याची रीत आहे. ऑस्टिनबाईंनी त्याला कायमचा हास्यास्पद करून ठेवला आहे. दुसरा डार्सी, त्यालाही ती झिडकारते. परंतु तो तिचे शब्द खरे मानतो. आपल्या वागण्याबद्दल खुलासा करणारे एक पत्र देऊन तो निघून जातो आणि स्वतःला सुधारतो. पुढे पुन्हा भेट होते तेव्हाही तो सांगतो, तुझे मन बदलले नसेल तर एका शब्दाने मी कायमचा गप्प होईन. त्या काळच्या इंग्लंडात विवाहितेची मिळकत नवऱ्याच्या हाती जात असे. लग्नाला बिचकणारी स्त्री लहरीच असेल असे मुळीच नाही. स्वतः लेखिकेने १८०२ च्या डिसेंबरात एका सधन घराण्यातल्या तरुणाला रात्री होकार दिला आणि सकाळी तो परत घेतला. ती अविवाहितच राहिली. ही गोष्ट आम्ही पूर्वी कितीदा वाचली होती, पण त्या रात्री त्या सकाळच्या धैर्याची कल्पना आली.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही भाचीला सगळे सांगितले. आम्ही दिलेला शब्दही सांगितला. ती रागावली नाही, याचे आम्हांला अधिक वाईट वाटले. ती म्हणाली, “मामा, मला ते पुस्तकातले आवडते, कारण तिला काय वाटते ते पानोपानी लिहिलेले असते. तुम्ही मला एकदाही विचारले नाही.” आम्ही विचारले. ती म्हणाली, “नको. आज नको, आणि पुढचे मला ठाऊक नाही.” कारण तिने सांगितले नाही आणि आम्हीही मागितले नाही.

त्याच दिवशी आम्ही त्या मंडळींकडे जाऊन शब्द परत घेतला. त्यांचा संताप रास्त होता. अपराध आमचा होता, मुलीचा नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगितले. मुलगा काही बोलला नाही. दारापर्यंत पोहोचवायला आला आणि म्हणाला, “त्यांना सांगा, मी पुन्हा विचारणार नाही.” त्या क्षणी तो आम्हांला प्रथमच खरा उमराव वाटला. त्या घराशी आमचा चार पिढ्यांचा संबंध होता. यंदाच्या उत्सवात आरतीला शेजारी उभे राहूनही त्यांच्या थोरल्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. बहिणीने आठवडाभर फोन घेतला नाही. दिलेला शब्द मोडणे सोपे नसते, आणि नसावेही. परंतु तो शब्द देण्याचा अधिकारच आम्हांला नव्हता.

मावशींना कळवले. त्या म्हणाल्या, बरे झाले. मग आपण होऊन पंढरपूरचा विषय काढला. रखुमाई रुसून द्वारकेहून दिंडीरवनात निघून आली, आणि प्रत्यक्ष देव तिला शोधीत मागे आला, ही कथा आम्हां सर्वांना लहानपणापासून ठाऊक. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर तो उभा राहिला, तो अठ्ठावीस युगे उभाच आहे. तिचे देऊळ आजही वेगळे आहे. मावशी म्हणाल्या, “हात बघितलेस त्याचे? कमरेवर. ओढून न्यायला पुढे केलेले नाहीत.”

सुरतेच्या त्या डॉक्टरीणबाईंचे नावही रखुमाईचेच होते, हे आमच्या तेव्हा लक्षात आले. भाची परवा नवीन कादंबरी घेऊन आली आहे. सोमवारचा कौल लावलेला नाही.